डोंगरबकुळीखालचा माणूस

ही गोष्ट दोन हजार त्रेचाळीस सालची. मॉरिशसमध्ये त्या वर्षी थंडी लांबली होती. गणपती विसर्जनाला समुद्रात उतरलेली माणसं दात वाजवत परत आली होती, आणि वाक्वाच्या वरच्या अंगाला, चहाच्या मळ्यांपलीकडच्या मराठी वस्तीत एकाच लग्नाची चर्चा होती. नवरी बासष्ट वर्षांची होती.

नवरीचं नाव वासंती सखाराम. सखाराम हे खरं तर आडनाव नव्हे, हे आताच्या मुलांना सांगावं लागतं. कोकणातून जहाजानं आलेल्या कुणा पूर्वजाचं ते नाव. बंदरावरच्या कारकुनानं तेवढंच लिहून घेतलं आणि पुढच्या साऱ्या पिढ्या सखाराम झाल्या. वस्तीत अशीच बापू, पांडू, भिवाजी आडनावांची घरं होती. त्यातल्या पांडूंच्या घरचा धर्माजी हा नवरदेव. वनखात्यात रखवालदार, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. वासंतीच्या पहिल्या नवऱ्याचा, जयवंतचा, तो लंगोटीयार. नऊ वर्षांपूर्वी जयवंत खडकरांगेपलीकडे मासे धरायला गेला आणि वादळात अडकला. होडी सापडली, माणूस सापडला नाही. तेव्हापासून वासंतीच्या घराचं गळकं छप्पर, तुंबलेलं गटार, सासूचं औषध हे सगळं धर्माजीनं न सांगता पाहिलं. नऊ वर्षं तो तिला वहिनी म्हणाला. त्या वर्षी गौरी-गणपतीत तो पहिल्यांदा वासंती म्हणाला, आणि तुळशीचं लग्न झालं की यांचंही उरकावं असं ठरलं.

आता झाडाची ओळख करून द्यायला हवी, कारण पुढचं सगळं त्याच्यापायी घडलं. बेटाच्या डोंगरमाथ्यावर, ढगांच्या उंचीला, जिथे वारा झाडांना कमरेतून वाकवतो, तिथे ते वाढतं आणि जगात दुसरीकडे कुठेही वाढत नाही. फ्रेंच लोक त्याला मधाचं लाकूड म्हणत. कोकणातून आलेल्यांना त्याची बारीक पांढरी फुलं पाहून घरची बकुळ आठवली, म्हणून ते झालं डोंगरबकुळ. खाली आणून लावलं की मरतं. वासंतीच्या लहानपणी पठारावर त्याचं चांगलं रान होतं. शाळेची सहल तिथे जायची आणि मुली फ्रॉकच्या ओच्यात फुलं भरून आणायच्या. आता मोजकीच म्हातारी झाडं उरली होती. साल सोलली की ती मधाच्या रंगाचा चीक गाळतात, आणि त्या चिकाला अत्तरवाल्यांकडे मोठी मागणी आली होती. कुणीतरी साल ओरबाडत होतं. म्हणून खात्यानं तिथे हुंगणी बसवली.

हुंगणी हे वस्तीनं ठेवलेलं नाव. दिसायला मधमाश्यांच्या पेटीसारखी, आत पंखा आणि पंख्यापुढे जाळी. माणूस नुसता उभा राहिला तरी त्याच्या अंगावरून कातडीचा भुगा झडत असतो, श्वासातून बारीक थेंब उडत असतात. त्या कणाकणात त्याचा डीएनए असतो. आपण पुढे निघून जातो आणि आपलाच धुरळा मागे हवेत तरंगत राहतो. हुंगणी ती हवा ओढायची, जाळीवर अडकलेले कण वाचायची आणि कोण येऊन गेलं ते सांगायची. ऊन आणि ओल हे कण चार-सहा दिवसांत नासवून टाकतात, त्यामुळे जे सापडलं ते ताजं, असा शास्त्रज्ञांचा हिशेब. खात्याच्या लोकांचे नमुने तिला आधीच दिलेले होते, म्हणजे ते फिरकले तर ती गप्प राहावी. जनावरंही तिनं सोडून द्यायची, कारण पठारावर माकडांचा सुळसुळाट. तिला संशय फक्त माणसांचा घ्यायला शिकवलं होतं.

ती सांभाळायची केतकी, वासंतीची एकुलती एक लेक. वाक्वा म्हणजे केवडा, म्हणून गावाच्या नावावरूनच बापानं लेकीचं नाव ठेवलं होतं. नोकरी मोठी, राहायला शहरात, आणि आईच्या या लग्नाबद्दल तोंडानं हो म्हटलेलं असलं तरी कपाळावरची आठी काही गेलेली नव्हती.

ऑक्टोबरातल्या एका दुपारी ती न कळवता घरी आली. वासंती फराटे, म्हणजे बेटावरचे पातळ पराठे, लाटत होती.

"आई, ते बाजूला ठेव. बस."

"पीठ सुकेल गं. काय झालं? चेहरा असा का?"

"हुंगणीला माणूस सापडला. मोठ्या झाडापाशी. पुरुष आहे. खात्यातला नाही."

"मग बरंच झालं. चोर सापडला."

"तो माझ्याशी निम्मा जुळतो." केतकीनं खुर्ची ओढली, पण बसली नाही. "अगदी बरोबर निम्मा. असा जुळणारा माणूस म्हणजे एक तर बाप, नाही तर मुलगा. मला मुलगा नाही."

वासंतीच्या हातातलं लाटणं तसंच राहिलं. "यंत्र चुकलं असेल."

"तीन वेळा वाचलं."

"मग जुनं असेल. तुझे बाबा जायचे की तिथे."

"आई, तिथे दिवसाआड पाऊस. आठवड्यापलीकडचं काही टिकत नाही. नऊ वर्षांचं कसं टिकेल?"

मागच्या दारात सोनाबाय उभी होती. जयवंतची आई, शहाऐंशी वर्षांची, कानानं अजून तिखट. तिच्या हातात तुळशीला घालायचा तांब्या होता. ती काही विचारणार असं दोघींना वाटलं. तिनं विचारलं नाही.

"आला म्हणा," ती एवढंच म्हणाली आणि पाणी घालायला गेली.

बातमी खात्यातून फुटली आणि दुकानापर्यंत पोचली. मग काय, वस्तीला ऊत आला. कुणी म्हणे जयवंतनं कर्जाला भिऊन सोंग काढलं, कुणी म्हणे रेयुनियाँ बेटावर दुसरा संसार थाटला होता, तो मोडला म्हणून परत आला. भिवाजींची थोरली सून भाजी निवडता निवडता वासंतीला म्हणाली, "काकी, तुमचं बरं आहे. आम्हाला एक सांभाळताना नाकी नऊ येतात." सगळ्या हसल्या. वासंतीही हसली आणि घरी येऊन दार लावून बसली.

तिच्या घरात त्या दिवसांत दोन गोष्टी एकदम घडत होत्या. सोनाबाय टवटवीत होत चालली होती. वर्षभर तुळशीला पाणी घालण्यापुरतीच अंथरुणातून उठणारी म्हातारी सकाळी न्हाऊन अंगणात यायची. पेटीतले जयवंतचे सदरे तिनं उन्हात टाकले. जेवताना एक पान जास्त घ्यायला लावलं. कुणी दारात येऊन जयवंतचा विषय काढला की ती पदर सावरून ऐकायला बसायची, आणि माणूस उठायला लागला की म्हणायची, "बस गो, आणखी काय म्हणतात ते सांग."

आणि वासंती मोजू लागली होती. ती संशयी स्वभावाची बाई नव्हती. पण संशयाचं असं आहे की एकदा चाळण हातात आली की माणूस घरातला प्रत्येक डबा चाळून बघतो. गेलं वर्षभर धर्माजीचा दुपारचा डबा तिच्याकडून जायचा. महिन्यातून एखाद्या दिवशी तो दोन फराटे जास्त घालायला सांगायचा. भूक लागते चढणीला, म्हणायचा. आता तिला वाटलं, ते फराटे कुणाच्या पोटात जात होते? म्हणजे इतके महिने आपण आपल्याच नवऱ्याला आपल्याच हातानं जेवू घालत होतो की काय? मग आठवलं की तिनं दोनदा मोठं झाड बघायला चलू म्हटलं होतं आणि दोन्ही वेळा त्यानं वाट निसरडी आहे म्हणून टाळलं होतं. जो माणूस तिला हात धरून समुद्रात गणपतीमागे घेऊन गेला, त्याला डोंगरातली वाट निसरडी वाटली.

पण मग त्याला माझ्याशी लग्न का करायचंय? हा प्रश्न आला की तिचं डोकं बंद पडायचं. जयवंत जिवंत आहे हे ठाऊक असताना त्याच्या बायकोशी लग्न करणारा मित्र कसला असेल? की जयवंतनंच सांगितलं असेल, सांभाळ हिला म्हणून? एक गाय एका गोठ्यातून दुसऱ्या गोठ्यात बांधावी तसं?

खात्यानं चौकशी लावली. रखवालदारांच्या मनगटावर जागा सांगणारं घड्याळ असतं. ते तपासलं तेव्हा दिसलं की धर्माजी दर महिन्याला एक दिवस मोठ्या झाडापाशी बराच वेळ थांबतो, आणि त्याच्या वहीत त्या थांब्याची नोंद नाही. साहेबांनी विचारलं, तिथे कुणाला भेटता? धर्माजी म्हणाला, कुणाला नाही. मग काय करता? तो गप्प. चोराला सामील असल्याच्या संशयावरून त्याला घरी बसवलं आणि पठारावर पाऊल टाकायला मनाई केली.

त्या संध्याकाळी वासंती त्याच्या अंगणात गेली. तो दगडावर गणवेश धूत होता, परत करायचा म्हणून.

"मला एकच सांगा," ती म्हणाली. "जयवंत जिवंत आहे?"

"नाही."

"मग तिथे कोण आहे?"

त्यानं सदरा पिळला, झटकला, दोरीवर टाकला. एवढा वेळ घेतला की त्यात तीन उत्तरं देऊन झाली असती.

"ते मला सांगता येत नाही."

"सांगता येत नाही की सांगायचं नाही?"

"येत नाही, वहिनी."

वहिनी. तिला वाटलं कुणी घराबाहेर काढून कडी लावली.

"तुळशीच्या लग्नापर्यंत थांबू नका," ती म्हणाली. "लग्न नको म्हणून भटजींना मी कळवते." आणि मागे न बघता निघून आली. वाटेत तिला रडू आलं नाही, याचं तिलाच नवल वाटलं. फक्त पायांना रस्ता कळेना.

केतकी मात्र यंत्रापाशी अडून बसली होती. धर्माजीविषयी तिचा संशय आईपेक्षा जुना होता, आणि तो पुराव्यानिशी पक्का करावा या ईर्षेनं ती आकडे पुन्हा पुन्हा बघत होती. त्यातूनच तिला एक खोट सापडली. रविवारी ती घरी आली तेव्हा तिच्या आवाजात पहिल्यासारखी धार नव्हती.

"आई, माणूस कधी एकटा येत नसतो."

"म्हणजे कोण आहे बरोबर?"

"तसं नाही. आपल्या तोंडात, नाकात लाखो जंतू असतात. प्रत्येक श्वासाबरोबर ते बाहेर पडतात. हुंगणीला माणूस सापडला की त्याच्या आगेमागे ही वरात सापडतेच. धर्माकाकांची सापडते, माझी सापडते. बाबांची नाही. बाबांची नुसती कातडी आहे, केस आहेत. श्वास नाही."

वासंतीनं हातातलं काम बाजूला ठेवलं.

"आणखी एक. बाबा रोज सापडत नाहीत. ज्या दिवशी झाडाकडून यंत्राकडे वारा असतो त्याच दिवशी सापडतात. आणि आता झाडाची साल सुटायचा मोसम आहे. म्हणून मी सालीचा चुरा आणून तपासला. तो चीक आहे ना, तो मधासारखा आहे. मधाची बरणी वर्षानुवर्षं नासत नाही की नाही? ओल आत जात नाही, जंतू जगत नाहीत. या चिकात अडकलेला कण तसाच राहतो. साल सुटली की चिकाची धूळ उडते आणि कण बाहेर येतो. आम्ही आठवड्याचा हिशेब धरला होता. या झाडाला तो हिशेबच लागू नाही."

"म्हणजे तो तिथे जायचा तेव्हाचा..."

"नुसतं फुलं आणायला जाणाऱ्याचं इतकं सापडत नाही. खूप आहे, आई. त्या झाडात बाबांचं काहीतरी आहे. कुणीतरी ठेवलेलं."

सोनाबाय अंगणात जयवंतचे सदरे उलटून टाकत होती. वासंती तिच्याजवळ जाऊन बसली. सासूला ती मामी म्हणायची, कोकणातल्या जुन्या वळणानं.

"मामी, त्याला श्वास नाही म्हणते केतकी."

म्हातारीचा हात सदऱ्यावर थांबला. मग तिनं बाही सरळ केली, सुरकुती काढली.

"मला ठाऊक आहे गो बाय," ती म्हणाली. "मीच ठेवलाय त्याला."

मग तिनं सांगितलं ते असं. कोकणात रीत होती की मेलेल्या माणसाचा देह मिळाला नाही, तर पळसाच्या पानांचा पुतळा करायचा. त्याला त्या माणसाचं वस्त्र घालायचं, त्याचा केस ठेवायचा आणि रीतसर अग्नी द्यायचा. तो दिला नाही तर जीव अडकून राहतो. बेटावर पळस नव्हता. पहिल्या लोकांनी डोंगरबकुळीची पानं घेतली आणि तीच रीत झाली. जयवंत गेला त्या वर्षी वासंती रोज किनाऱ्यावर जाऊन बसायची आणि म्हणायची, त्याला मेला म्हणणाऱ्यानं माझा उंबरा चढू नये. वर्ष उलटलं. आईच्या स्वप्नात मुलगा भिजलेला यायचा. शेवटी ती धर्माजीकडे गेली. डोंगरबकुळीचं पान तोडणं तोवर गुन्हा झाला होता. रखवालदारानं म्हातारीला पाठकुळी घेऊन वर नेलं, पानं तोडून दिली, आणि दोघांनी झाडाखाली बसून पुतळा केला. नारळाचं डोकं, अंगात न धुतलेला सदरा, उशीच्या अभ्र्यावरचे केस.

"आणि अग्नी?"

"पाऊस आला. काडी पेटेना. धर्मा म्हणाला, ढोलीत ठेवू, कोरड्या दिवशी येऊ. मग कोरडे दिवस आले गो. तो बोलवायला यायचा. माझा पाय वळेना. एकदा कसाबसा धीर केलेला, दुसऱ्यांदा लेकाला जाळायला कुठून आणू? धर्माला माझी शपथ घातली. म्हटलं, वासंतीला कळता कामा नये."

"पण मामी, आता? त्या माणसाला कामावरून घरी बसवलं. माझं लग्न मोडलं. तुम्ही बघत होतात."

सोनाबायनं सदरा मांडीवर घेतला. मग म्हणाली, "नऊ वर्षांत कुणी त्याचं नाव घेतलं नाही. आता दुकानात, देवळात, जो तो म्हणतो जयवंत आहे, जयवंत आला. मला ठाऊक होतं गो तो सदरा आहे ते. पण एवढी शिकलेली माणसं म्हणतात, तर ऐकत बसावंसं वाटलं. थोडे दिवस."

वासंतीला राग यायला हवा होता. तो आलाही. पण म्हातारीच्या मांडीवरचा सदरा बघून तो कुठे ठेवावा हे तिला कळेना.

दुसऱ्या दिवशी तिघी वर गेल्या, सोनाबायला दोघींनी धरून चढवत. केतकीला परवानगी होती, बाकी दोघींना तिनं आपल्या जबाबदारीवर नेलं. मोठं झाड ढगात उभं होतं. खोडाला माणसाच्या छातीच्या उंचीवर ढोली होती, आणि ढोलीच्या कडेनं चिकाचे ओघळ येऊन गोठले होते. केतकीनं दिवा धरला. आत पुतळा होता. पानं जशीच्या तशी, हिरवी नव्हेत पण कुजलेलीही नव्हेत. सगळ्यावर मधाच्या रंगाचं पातळ आवरण चढलेलं. त्यातून निळ्या रेघांचा सदरा दिसत होता, आणि काखेत उसवलेली शिवण. ती वासंतीनंच शिवायची ठेवली होती.

मग सोनाबायनं कनवटीची काडेपेटी काढली.

"आज कोरडं आहे," ती म्हणाली. "झाडापासून लांब नेऊ, त्या खडकावर. आज मी देते अग्नी. सुटू दे त्याला. आणि तूही सुट."

"आजी, नको," केतकी म्हणाली. "हे जळलं तर आपल्या हातात काही उरत नाही. काका कायम चोराचे साथीदार राहतील. आपण तिघी म्हणालो म्हणून कोण मानेल? घरचीच माणसं आपण."

"आणि नाही जाळलं तर?" वासंतीनं विचारलं.

"तर खातं ठेवून घेईल. परत देणार नाही. जगात असं दुसरं काही नाही, आई. आणि पानं तोडल्याचा गुन्हा काकांच्या अंगावर येईलच. पण निदान एवढाच."

वासंतीनं पुतळ्याकडे पाहिलं. त्या शिवणीकडे. अग्नी दिला की रीत पुरी होणार होती, वस्तीच्या लेखी ती मोकळी होणार होती, भटजी लग्नाआधी उरकून घ्या म्हणून कधीचे सांगत होते ते होणार होतं. आणि खाली एक माणूस म्हातारीच्या शपथेपायी तोंड मिटून बसला होता, ज्याला तिनं एका यंत्राच्या शब्दावर टाकून दिलं होतं.

तिनं सासूच्या हातावर हात ठेवला आणि काडेपेटी काढून घेतली.

"मामी, हा कधीचा गेलाय. तो थांबेल. जित्या माणसाला आधी सोडवू."

सोनाबायनं पुतळ्याच्या कपाळावर, म्हणजे नारळावर, बोटं टेकवली. चीक कडक झाला होता, बोटांना काही लागलं नसावं. "थांबशील ना रे," ती म्हणाली, आणि केतकीकडे वळून म्हणाली, "चल, तुझ्या साहेबांसमोर ने मला. मी सांगते काय ते."

तिनं सांगितलं. मराठी आणि बेटावरची क्रेओल बोली यांची खिचडी करून, खुर्चीवर न बसता. साहेबांनी विचारलं, आजी, हे इतके दिवस का लपवलंत? ती म्हणाली, "तुम्ही माझा मुलगा जिवंत आहे म्हणत होतात, साहेब. मी कशाला खोडून काढू?"

वासंती धर्माजीकडे गेली ती दोन दिवसांनी, सकाळी. मधले दिवस तिला एक प्रश्न पोखरत होता, आणि तो घेतल्याशिवाय जाण्यात अर्थ नव्हता. पहिला संशय फिटला होता, पण त्याच्याखालून दुसरा निघाला होता, आणि तो अधिक बोचरा होता. मी नवऱ्याची वाट बघत किनाऱ्यावर बसले असताना या माणसानं वर जाऊन त्याला मेलेला ठरवलं. का?

तो कुंपणाच्या बांबूचे तुकडे करत होता. तिला बघून त्यानं कोयता खाली ठेवला.

"म्हातारीनं सांगितलं सगळं," ती म्हणाली.

"कळलं."

"दर महिन्याला काय करत होतात तिथे?"

"अमावास्येला दोन फराटे ठेवायचो. अग्नी दिला नाही, निदान जेवू घालावं म्हटलं. माकडं खायची, ते दिसायचं मला."

"मला सांगितलं असतंत तर."

"तू उंबरा चढू दिला नसतास." किती दिवसांनी त्यानं तू म्हटलं. "आणि नंतर, सांगण्यासारखं झालं तेव्हा, शपथ होती."

ती त्याच्यासमोर पायरीवर बसली. "आता एक विचारते. म्हातारीची कीव आली म्हणून केलंत, की मी मोकळी व्हावी म्हणून?"

धर्माजीनं हातांवरचा भुसा झटकला. यंत्रानं ढोलीतून दोघांचे कण काढले होते, म्हातारीचे आणि त्याचे, घामाचेसुद्धा. त्यातून कुणी कुणासाठी काय केलं हे काही निघालं नव्हतं. आता तो 'म्हातारीसाठी' म्हणाला असता तर ती मानणार होती, आणि मनातून मानणार नव्हती.

"चढताना म्हातारीसाठीच चढलो," तो म्हणाला. "माझ्या मित्राची आई पाठीवर होती, दुसरं काही डोक्यात नव्हतं. पुतळा ढोलीत ठेवला आणि उतरायला लागलो. तेव्हा अर्ध्या वाटेत मला बरं वाटलं, वासंती. म्हटलं, आता तो नाही. मग माझीच मला शरम वाटली. पुढे दर अमावास्येला गेलो ते त्या शरमेपायी. फराटे त्याच्यासाठी कमी आणि माझ्यासाठी जास्त होते."

हे त्याला कुणी विचारलं नसतं तर जन्मात कळलं नसतं. कुठल्या जाळीवर अडकलं नसतं. वासंतीला ते आवडलं असं नाही. पण गेल्या महिन्याभरात तिच्या कानावर पडलेलं हे पहिलं वाक्य होतं, जे तिला चाळून बघावंसं वाटलं नाही.

"कोयता द्या इकडे," ती म्हणाली. "बांबू असे तिरके कापतात होय? पाणी राहील त्यात."

धर्माजीची नोकरी गेली. संशय पुसला गेला, पण पानं तोडल्याचा ठपका राहिला, आणि त्याबद्दल त्यानं दाद मागितली नाही. सालीचा चोर पुढच्या मोसमात सापडला. ती माकडं होती. फराट्यांच्या वासानं झाडाशी येऊ लागलेली, मग साल सोलून चीक चाटायला शिकलेली. यंत्राला त्यांच्याकडे दुर्लक्ष करायला सांगितलं होतं, हे साहेबांनी अहवालात शेवटच्या पानावर घातलं.

सोनाबाय पुढच्या उन्हाळ्यात गेली. कबुली दिल्या दिवसापासून तिनं जास्तीचं पान घ्यायला लावलं नाही. पुतळा राजधानीच्या संग्रहालयात काचेच्या पेटीत आहे आणि शाळेची मुलं रांगेनं बघून जातात. अग्नी अजून दिलेला नाही. भटजींनी त्यामुळे लग्नाला नकार दिला. मग वासंती आणि धर्माजीनं सरकारी कचेरीत सह्या केल्या. केतकी साक्षीदार होती. कपाळाला आठी होती, पण सही नीट केली.

केतकीचं नाव मोठं झालं. जुन्या सालींच्या थरांतून तिनं मळ्यांतून पळून डोंगरात लपलेल्या गुलामांचे माग काढले, ज्यांची नावं कुठेच लिहिलेली नाहीत. मग त्या चिकासारखा पदार्थ कारखान्यात बनू लागला, आणि त्यामुळे झाडं वाचली हे खरं. पण आता त्याच्या चकत्या मिळतात. दाराच्या चौकटीला ठोकायच्या, आणि वर्षभरानं दुकानात नेऊन वाचून घ्यायच्या. कोण आलं, कोण गेलं, कोण किती वेळ थांबलं. वाक्वात आता क्वचितच एखादं घर चकतीवाचून असेल. भिवाजींच्या थोरल्या सुनेनं ती लावली आणि तिचा संसार मोडला. चकतीनं खरं सांगितलं की अर्धवट, याचा वाद कोर्टात अजून चालू आहे.

एक विकणारा परवा वासंतीच्या दारातही आला होता. धर्माजी आता कानानं कमी ऐकतो. त्यानं आतून विचारलं, "काय आहे? घ्यायचं का?"

"काही नाही," वासंती म्हणाली. "कोण येऊन गेलं ते सांगणारं आहे. तुम्ही सांगता तेवढं पुरे." आणि त्या माणसाला पाणी पाजून तिनं वाटेला लावलं.